हरितगृहाचा पाया पाण्यापासून आणि किडींपासून कसा राखावा?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आमचे घर नागपूर शहराबाहेर, कळमेश्वर मार्गावर आहे. घरामागच्या काळ्या जमिनीत आम्ही ६ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद हरितगृह उभारले आहे. खाली एक फूट उंचीची विटांची भिंत, तिच्यावर लोखंडी सांगाडा आणि पोकळ, दुहेरी थराचे पॉलिकार्बोनेटचे पत्रे, अशी त्याची रचना आहे. आत ढोबळी मिरची आणि संत्र्याच्या कलमांसाठी जंबेरीची रोपे आहेत. पावसाळ्यात भिंतीखालून पाणी आत येते आणि उन्हाळ्यात त्याच ठिकाणी बोट जाईल एवढी फट पडते. मिस्त्रींनी ती एकदा सिमेंटने आणि पुढच्या वर्षी सिलिकॉनने भरली. दोन्ही वेळा ती पुन्हा उघडली. आता त्या वाटेने मुंग्या, वाणी आणि उंदीरही आत येऊ लागले आहेत. पाया कायमचा बंद करण्यासाठी कोणते साहित्य वापरावे?

उत्तर : फट भरण्याच्या साहित्याविषयी पुढे सांगतोच, मात्र ज्या जमिनीवर आपली भिंत उभी आहे ती जमीन वर्षभर कशी वागते, हे आधी लक्षात घ्यावे लागेल. काळ्या भारी मातीतील चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात अशा जमिनीला एक सेंटिमीटरहून रुंद आणि अर्ध्या मीटरहून खोल भेगा पडतात, हे आपण शेतात पाहतच असाल. या मातीवर थेट टेकलेली भिंत पावसाळ्यात किंचित उचलली जाते आणि उन्हाळ्यात खाली बसते. शिवाय ती सगळीकडे सारखी उचलली जात नाही, कारण भिंतीच्या बाहेरची माती भिजते तेव्हा आतली माती तुलनेने कोरडी असते. अशा हलत्या सांध्यात सिमेंट भरले तर ते तडकणारच. सिलिकॉन थोडे ताणले जाते, पण एका बाजूला धुळीने माखलेली वीट आणि दुसऱ्या बाजूला चक्क माती असेल तर त्याला धरून ठेवायला काहीच उरत नाही. मिस्त्रींच्या कामात दोष नसावा. काळ्या मातीशी घट्ट सांधा जोडता येईल ही अपेक्षाच चुकीची आहे.

त्यामुळे आपल्याला दोन वेगवेगळी कामे करावी लागतील. पाणी भिंतीपर्यंत पोहोचूच नये अशी व्यवस्था करणे हे पहिले काम, आणि जमीन हलली तरी उघडा पडणार नाही असा लवचीक अडसर किडींसाठी करणे हे दुसरे. पहिले काम नीट झाले की जमिनीची हालचालही कमी होते आणि दुसरे काम टिकते. हा क्रम उलटा करू नये.

पण त्याआधी आत दिसणारे सगळे पाणी बाहेरूनच येते का, याची खात्री करून घ्यावी. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री पत्र्याच्या आतल्या बाजूला दव जमते, ते ओघळून भिंतीच्या कडेला साचते आणि पाहणाऱ्याला पाया गळतो आहे असे वाटते. कोरड्या दिवसांत भिंतीलगत आतल्या जमिनीवर प्लॅस्टिकचा एक चौरस तुकडा अंथरून त्याच्या कडा मातीने दाबाव्यात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे. वरची बाजू ओली असेल तर ते दव किंवा ठिबकचे पाणी आहे. खालची बाजू ओली असेल तर ओल जमिनीतून वर येते आहे. भिंतीखालून झिरपणारे पाणी ओळखण्यासाठी बाहेरच्या बाजूला नळी लावून एका वेळी एकच भिंत अर्धा तास भिजवावी आणि आत कोणत्या ठिकाणी ओल प्रथम दिसते तेथे खूण करावी. दवाचे पाणी पायाच्या कामाने थांबत नाही. त्यासाठी वरची खिडकी उघडून हवा खेळती ठेवावी लागते.

आता बाहेरच्या पाण्याविषयी. आपल्या हरितगृहाचे छत २४ चौरस मीटरचे आहे. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर २,४०० लिटर पाणी नेमके भिंतीच्या पायथ्याशी उतरते. असा पाऊस नागपुरात अपवादाचा समजू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीत, काही तासांतच, १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला होता आणि अंबाझरी तलाव ओसंडून शहरात पाणी शिरले होते. तेव्हा छताच्या दोन्ही कडांना पन्हाळ बसवून ते पाणी पाइपाने टाकीत किंवा उताराच्या बाजूला दूर नेणे, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय आहे. पन्हाळ न बसवता पायावर कितीही खर्च केला तरी तो वाया जातो, असे मी ठामपणे सांगेन.

पन्हाळीनंतर भिंतीभोवतीचा पट्टा करावा. भिंतीपासून ९० सेंटिमीटर रुंदीपर्यंतची वरची काळी माती सुमारे २० सेंटिमीटर खोल काढून टाकावी. खालचा तळ बाहेरच्या बाजूला उतार देऊन धुमसावा, त्यावर जाड काळे प्लॅस्टिक अंथरावे आणि ते भिंतीवर १५ सेंटिमीटर चढवून पट्टी व स्क्रूने घट्ट बसवावे. प्लॅस्टिकला खडे टोचू नयेत म्हणून त्याच्या खाली आणि वर चुरीचा पातळ थर द्यावा. मग मुरूम टाकून, पाणी मारून तो थराथराने दाबावा. पृष्ठभागाला इतका उतार असावा की ९० सेंटिमीटर अंतरात तो साडेचार ते पाच सेंटिमीटरने उतरेल. या पट्ट्यामुळे पावसाचे पाणी भिंतीपासून दूर जाते, आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे उन्हाळ्यात भिंतीखालची माती एकदम वाळत नाही. भिंतीखालची ओल वर्षभर साधारण सारखी राहिली की भिंतीचे वर-खाली होणे बरेच कमी होते. पट्ट्याच्या बाहेरच्या कडेला उथळ चर काढून तो शेताच्या उताराकडे न्यावा.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. अनेक ठिकाणी भिंतीलगत खोल चर खणून त्यात नुसती गिट्टी भरतात आणि पाण्याचा निचरा झाला असे समजतात. मुरमाड जमिनीत ते चालेल. काळ्या जमिनीत मात्र त्या चराला बाहेर वाट नसेल तर तो पाण्याचा हौद होतो, आणि आठवडाभर साचलेले पाणी थेट पायाखालच्या मातीला पाजले जाते. गिट्टीचा चर करायचाच असेल तर त्याच्या तळाशी छिद्रांचा पाइप उतारात टाकून त्याचे तोंड उघड्यावर काढणे आवश्यक आहे.

किडींचा अडसर याच पट्ट्यात बसवता येतो. उंदरांसाठी प्लॅस्टिक निरुपयोगी आहे, ते कुरतडतात. मुरूम भरण्यापूर्वी जस्त चढवलेली, जाड तारेची जाळी भिंतीला धरून ३० सेंटिमीटर खाली उतरवावी आणि तेथून काटकोनात बाहेर आणखी ३० सेंटिमीटर आडवी अंथरावी. त्यासाठी भिंतीलगतचा भाग तेवढा खोल खणावा लागेल, पण सगळी भिंत एकाच वेळी उघडी पाडू नये आणि तिच्या पायाच्या खाली जाऊ नये. दोन-दोन मीटरचे तुकडे करून खणावे व लगेच भरावे. उंदीर भिंतीलगत खाली उकरत जातो, आडव्या जाळीला अडतो आणि मागे सरून उकरण्याचे त्याला सहसा सुचत नाही. मोठ्या उंदरांना व घुशींना अर्ध्या इंचाची जाळी पुरते. चिचुंद्र्या आणि लहान उंदीर थांबवायचे असतील तर पाव इंचाची घ्यावी.

वाणी, गोगलगाई आणि मुंग्या यांना ही जाळी थांबवणार नाही. त्यांच्यासाठी भिंतीवर चढवलेले प्लॅस्टिक सलग असणे, त्याच्या जोडांवर किमान ३० सेंटिमीटरचा चढाव असणे आणि पट्टा कोरडा व मोकळा ठेवणे उपयोगी पडते. वाणी व गोगलगाई यांना ओल आणि कुजणारा पालापाचोळा लागतो. भिंतीलगत गवत, विटांचा ढीग, रिकाम्या कुंड्या किंवा शेणखताची पोती ठेवली असतील तर त्यांना दिवसभर लपायला तेथेच जागा मिळते. मुंग्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्या बहुधा मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्या गोड स्रावासाठी येतात व त्या बदल्यात या किडींचे मित्रकीटकांपासून रक्षण करतात. झाडावर मावा असेल तोवर मुंग्या कुठली ना कुठली वाट शोधणारच; म्हणून मुंग्यांची रांग दिसली की पायाबरोबर पानांची खालची बाजूही तपासावी.

ढोबळी मिरचीसाठी आणखी एक सांगतो. फुलकिडे आणि पांढरी माशी या पिकाच्या मोठ्या शत्रू आहेत, पण पांढरी माशी पायाच्या फटीपेक्षा दारातून आणि खिडक्यांतून अधिक येते. तेथे बारीक छिद्रांची कीटकरोधक जाळी, साधारणपणे ४० किंवा ५० मेशची (म्हणजे एका इंचात ४० किंवा ५० छिद्रे असलेली), आणि एकामागे एक अशी दोन दारे लागतात. जाळी जितकी बारीक तितकी हवा कमी खेळते, हे आपल्या उन्हाळ्याचा विचार करून लक्षात ठेवावे. बारीक जाळी घ्यायची तर खिडक्यांचे क्षेत्र वाढवावे लागते. फुलकिड्यांच्या आयुष्यातला काही काळ मात्र मातीत जातो, कारण त्यांची कोषावस्था बहुतेक जमिनीतच पूर्ण होते. त्यामुळे वाफ्यांमधल्या चालण्याच्या वाटांवर विणलेली तणरोधक चटई अंथरून तिच्या कडा भिंतीवर चढवून बसवल्या तर आतल्या मातीतून निघणाऱ्या किडींचे प्रमाणही कमी होते.

आपल्या पत्रात उल्लेख नाही, परंतु दुहेरी पत्र्यांच्या खालच्या कडा अवश्य पाहाव्यात. पोकळ पत्र्याच्या नळ्या खाली उघड्या असतील तर मुंग्या आणि धूळ त्यांत शिरते. म्हणून बरेच जण त्या सिलिकॉनने बुजवतात. असे केल्यास नळ्यांत जमलेले दव बाहेर पडत नाही आणि काही महिन्यांत आतून हिरवे शेवाळ दिसू लागते. वरच्या कडेला हवाबंद अ‍ॅल्युमिनियमची चिकटपट्टी आणि खालच्या कडेला बारीक छिद्रांची, हवा व पाणी सोडणारी पट्टी लावून त्यावर यू आकाराची पट्टी बसवणे ही योग्य पद्धत आहे. त्या यू पट्टीला खालून दर ३० सेंटिमीटरवर लहान छिद्र पाडावे. शिवाय पॉलिकार्बोनेट उन्हाने बरेच पसरते. दोन मीटरच्या पत्र्याचे तापमान हिवाळ्यातील पहाटेपासून मे महिन्यातील दुपारपर्यंत ५० अंशांनी वाढले तर तो सुमारे साडेसहा मिलिमीटर लांब होतो. म्हणून पत्रा भिंतीवर घट्ट टेकवू नये. मध्ये १० मिलिमीटर अंतर ठेवून ते रबराच्या मऊ पट्टीने झाकावे. ही पट्टी ईपीडीएम रबराची घ्यावी. मऊ पीव्हीसीच्या पट्टीतील द्रव्ये पॉलिकार्बोनेटला हानी पोहोचवतात.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. सांगाडा आणि भिंत यांच्यामधली, म्हणजे दोन्ही बाजूंना घन आणि स्वच्छ पृष्ठभाग असलेली फट तेवढी भरण्याच्या द्रव्याने बंद करावी. विटा व सिमेंट यांच्यासाठी पॉलियुरेथेनचे सीलंट चांगले. धातू आणि पॉलिकार्बोनेटसाठी सिलिकॉन घ्यायचे असेल तर ‘न्यूट्रल’ असे लिहिलेले घ्यावे; ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन जस्ताच्या मुलाम्याला खाते. फट खोल असेल तर तिच्यात आधी फोमची गोल दोरी दाबून बसवावी आणि सीलंटची खोली फटीच्या रुंदीच्या निम्मी ठेवावी. ते तळाशी न चिकटता फक्त दोन्ही बाजूंना चिकटले तरच ताण सहन करते. हे काम मे महिन्यात करू नये, कारण तेव्हा फट सर्वांत रुंद असते आणि पावसाळ्यात भरलेले द्रव्य चेपून बाहेर येते. ऐन पावसाळ्यात भरले तर उन्हाळ्यात ते फाटते. पाऊस संपल्यानंतर, नोव्हेंबरच्या सुमारास, जमीन मध्यम ओलीची असताना ते करावे. पन्हाळ, पट्टा आणि जाळी मात्र मृगाच्या आधीच पूर्ण करावी.

पाया चारही बाजूंनी बंद झाला की आतले पाणी कोठे जाईल, हा प्रश्न उरतो. ठिबकचे जादा पाणी आणि खतांचे क्षार आतच साचले तर जंबेरीच्या रोपांना मूळकूज होण्याचा धोका फार वाढतो. फायटोप्थोरा ही बुरशी पाण्याबरोबर पसरते आणि संत्र्याच्या रोपवाटिकेत तिच्याइतके नुकसान फार थोड्या रोगांनी होते; म्हणून रोपांच्या पिशव्या मातीवर न ठेवता गिट्टीच्या थरावर किंवा लोखंडी मांडणीवर ठेवाव्यात. सर्वांत खालच्या कोपऱ्यात भिंतीतून दीड इंची पाइप बाहेर काढावा, त्याच्या तोंडाला पोलादी बारीक जाळी बांधावी आणि ती महिन्यातून एकदा काढून धुवावी.

ज्या वाचकांना नवे हरितगृह बांधायचे आहे त्यांनी आधी एक मीटर खोल खड्डा खणून पाहावा. नागपूरच्या पश्चिमेकडे काळ्या पाषाणावरची जमीन आहे आणि पूर्वेकडे त्याहून फार जुने खडक आहेत. त्यामुळे मुरूम किती खोलीवर लागेल हे गावागणिक, अनेकदा शेतागणिकही बदलते. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोचे मुख्यालय नागपुरातच आहे आणि त्यांच्या नकाशांवरून परिसरातील जमिनीचा अंदाज येतो, परंतु २४ चौरस मीटर जागेसाठी स्वतःचा खड्डाच विश्वासाचा. मुरूम आवाक्यात असेल तर खांब तेथपर्यंत न्यावेत आणि भिंतीचे ओझे त्या खांबांवरील काँक्रीटच्या तुळईवर घ्यावे. तुळईखाली सुमारे आठ सेंटिमीटर मोकळी जागा सोडली म्हणजे माती फुगली तरी ती तुळईला उचलत नाही. ही मोकळी जागा बाहेरून वर सांगितलेल्या जाळीने व प्लॅस्टिकने झाकावी.

प्रश्न : आमच्या शेतावरील पॉलिहाऊसला पंखे आणि ओल्या पॅडची व्यवस्था आहे. खालचा प्लॅस्टिकचा पट्टा मातीत दाबलेला आहे, तरी उन्हाळ्यात आत धूळ आणि फुलकिडे फार येतात. गळती नेमकी कोठे आहे, हे कसे शोधावे?
एक शेतकरी, काटोल तालुका

उत्तर : आपले पंखे आतली हवा बाहेर फेकतात, त्यामुळे आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी राहतो आणि जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. हवा पॅडमधूनच यावी ही अपेक्षा असते. खालच्या कडेला फट असली तर तीच हवा न गाळता, न थंड होता, धूळ आणि किडे घेऊन येते. पंखे चालू ठेवून पेटती उदबत्ती खालच्या कडेजवळून सावकाश फिरवावी. धूर ज्या ठिकाणी आत वळेल तेथे खडूने खूण करावी. रात्री आत दिवा लावून बाहेरून पाहिले तरी मोठ्या फटी दिसतात, पण उदबत्तीने सापडणाऱ्या बारीक फटी त्यात सुटतात. खांबाच्या पायथ्याशी आणि दाराच्या चौकटीखाली विशेष लक्ष द्यावे.

मातीत दाबलेला पट्टा किमान ३० सेंटिमीटर खोल असावा आणि त्यावर काळ्या मातीऐवजी मुरूम भरावा. काळी माती भेगाळली की पट्टा उघडा पडतो. पट्टा वरच्या कडेला अ‍ॅल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये (खाचेच्या पट्टीत) झिगझॅग स्प्रिंगने बसवावा, खिळ्यांनी नव्हे. प्लॅस्टिक तापलेल्या पाइपाला टेकते तेथे ते लवकर जीर्ण होते, म्हणून त्या जागी पाइपाला पांढरा रंग द्यावा. गंधकयुक्त औषधांच्या फवारणीनेही प्लॅस्टिकचे आयुष्य घटते; फवारणी करताना खालचा पट्टा वाचवावा.

प्रश्न : गच्चीवर लहान हरितगृह ठेवायचे आहे. खालची फट बंद करण्यासाठी स्लॅबमध्ये बोल्ट मारले तर चालतील का?
एक वाचक भगिनी, मानेवाडा, नागपूर

उत्तर : बोल्ट मारू नयेत. गच्चीच्या गळतीरोधक थराला एकदा छिद्र पडले की खालच्या खोलीत ओल येते आणि तिचे मूळ शोधणे कठीण होते. स्लॅबवर सिमेंटची १० सेंटिमीटर उंच कडा बांधून तिच्या दोन्ही बाजूंना मिस्त्रींकडून गोलाईचा वाटा (कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर उतार) मारून घ्यावा आणि सांगाडा त्या कडेवर रबराच्या पट्टीवर बसवावा. कडेमुळे गच्चीचा उतार अडत असेल तर खालच्या बाजूला जाळी लावलेला पाइप ठेवावा. एप्रिल-मेमधील वादळी वारे लक्षात घेऊन सांगाड्याच्या चारही कोपऱ्यांना रेतीने भरलेल्या जड कुंड्या बांधाव्यात, किंवा तो कठड्याच्या भिंतीला आतल्या बाजूने आवळावा. गच्चीवर इतके ओझे चालेल का, हे मात्र इमारतीच्या अभियंत्यांना आधी विचारावे.

प्रश्न : मुंग्या येऊ नयेत म्हणून हरितगृहाभोवती गाडीचे जळके ऑइल ओतावे, असे शेजारी सांगतात. ते योग्य आहे का?
एक वाचक, हिंगणा

उत्तर : मुळीच नाही. ते मातीत मुरते, पहिल्या पावसाबरोबर वाफ्यांत आणि विहिरीकडे जाते आणि त्यातील जड धातू जमिनीत वर्षानुवर्षे राहतात. प्लॅस्टिकच्या पट्ट्यालाही ते अपायकारक आहे. पहिल्या उत्तरात सांगितलेला मुरमाचा कोरडा पट्टा करावा, आणि सांगाड्याचे जे खांब थेट जमिनीवर टेकतात त्यांना जमिनीपासून १५ सेंटिमीटर उंचीवर चिकट पट्टी गुंडाळून ती धुळीने भरली की बदलावी.